ॲसिडमधला इनहिबिटर विकत घेताना: हेक्झामाइनच्या पोत्यापासून तयार ड्रमपर्यंत

गंजलेला एमएसचा (माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या पोलादाचा) जॉब पिकलिंगच्या, म्हणजे ॲसिडने गंज काढायच्या, टाकीत सोडला की हायड्रोक्लोरिक ॲसिड आधी गंज खातं आणि मग धातूकडे वळतं, असा समज आहे. प्रत्यक्षात दोन्ही कामं एकदमच सुरू होतात. गंजाला जिथे चीर असेल, मिल स्केल (पोलाद लाटताना बसलेला ऑक्साइडचा थर) जिथे उचकटली असेल, तिथे ॲसिड पहिल्या मिनिटापासून उघड्या लोखंडाला भिडतं, हायड्रोजनचे बुडबुडे काढतं आणि जॉब पातळ करतं. बॉयलर धुताना तर एका ट्यूबमध्ये दोन मिलिमीटर स्केल (पाण्यातल्या क्षारांचं कडक कीट) असते, शेजारची निम्मी स्वच्छ असते, आणि ॲसिड दोन्हींत सारखाच वेळ उभं राहतं. ही उघडी जागा वाचवायला ॲसिडमध्ये जे सेंद्रिय रसायन टाकतात, तो इनहिबिटर.

तो पोत्यात मिळतो, डब्यात मिळतो, ड्रममध्ये मिळतो. प्रत्येकावर ‘९५ टक्के’, ‘९९ टक्के’ छापलेलं असतं आणि खरेदी मात्र किलोच्या भावावर होते. इथे एकेक माल टाकीच्या बाजूने पाहिला आहे. मोजपट्टी एकच ठेवली आहे: एमएस, ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड, ६० अंश सेल्सिअस. लहान बॉयलर आणि हीट एक्स्चेंजर धुताना बहुतेक हीच स्थिती असते. गॅल्व्हनायझिंगवाल्यांचं १० ते १५ टक्क्यांचं थंड ॲसिड वेगळं वागतं. तिथे फरक जागोजागी सांगितला आहे.

आधी थोडं रसायन, कारण त्याशिवाय पुढचे दोष कळणार नाहीत. या रेणूंमध्ये नायट्रोजन, गंधक किंवा ऑक्सिजनचा अणू असतो, नाहीतर कार्बन-कार्बन तिहेरी बंध असतो. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन लोखंडाच्या पृष्ठभागाला धरतात. ॲसिडमध्ये अमाइनचा नायट्रोजन प्रोटॉन घेऊन धनभारित होतो, क्लोराइड आधीच धातूवर बसलेलं असतं, आणि रेणू त्या क्लोराइडच्या आधाराने चिकटतो. म्हणूनच बरीचशी अमाइनं हायड्रोक्लोरिकमध्ये चांगली चालतात आणि सल्फ्युरिकमध्ये तीच निम्म्यावर येतात. सल्फ्युरिकमध्ये थोडं पोटॅशियम आयोडाइड टाकलं की पुष्कळदा परिणाम एकदम सुधारतो, त्यामागेही हेच आहे: क्लोराइडची जागा आयोडाइड घेतं, आणि जास्त घट्ट घेतं. हा थर रेणूभर जाडीचा. गंजाच्या आणि स्केलच्या ऑक्साइडवर तो तितकासा बसत नाही, त्यामुळे साफसफाई थांबत नाही. आणि तापमान वाढलं की तो सुटू लागतो.

‘९९ टक्के’ म्हणजे नेमकं किती

समजा, ५० × २५ × २ मिमीचं एमएसचं कूपन, म्हणजे चाचणीची पट्टी, घेतलं. सहाही बाजू धरून क्षेत्रफळ २८ चौरस सेमी. ६० अंशाच्या साध्या ॲसिडमध्ये ६ तासांत त्याचं १४०० मिलिग्रॅम वजन गेलं. ‘अ’ इनहिबिटरमध्ये ४२ मिलिग्रॅम गेलं, ‘ब’मध्ये १४. सूत्र सोपं आहे: साध्या ॲसिडमधली घट वजा इनहिबिटरमधली घट, भागिले साध्या ॲसिडमधली घट. ‘अ’ची कार्यक्षमता ९७ टक्के, ‘ब’ची ९९. ऐकायला दोघं शेजारी वाटतात. धातू मात्र ‘अ’मध्ये तिप्पट गेला.

त्यामुळे टक्के बाजूला ठेवा आणि उरलेला क्षय विचारा, ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति तास या मापात. ‘अ’चा २.५ येतो, ‘ब’चा साधारण ०.८. वर्षाला मिलिमीटर हवे असतील तर ८७.६ गुणिले मिलिग्रॅममधली घट, भागिले घनता (एमएसची ७.८६), क्षेत्रफळ आणि तास यांचा गुणाकार. ‘अ’ला २.८ मिमी येतात. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, कारण बॉयलर ॲसिडमध्ये वर्षभर बसत नाही. ६ तासांत हा क्षय २ मायक्रॉनच्याही आत राहतो. साध्या ॲसिडमध्ये त्याच ६ तासांत सुमारे ६४ मायक्रॉन गेले असते. पण दर सीझनला धुलाई होते, आणि ट्यूबची जाडी दर वेळी मागच्याहून कमीच असते.

टक्क्यांची दुसरी खोड अशी की तो आकडा कोणत्या तापमानाचा, किती तासांचा, कोऱ्या ॲसिडचा की वापरलेल्या, हे डब्यावर नसतं. ३० अंशाला, एका तासाला, नव्याकोऱ्या ॲसिडमध्ये ९५ टक्के गाठणं फारसं अवघड नाही. पत्रकावर तापमान आणि तास नसतील, तर तो आकडा वाचूच नये.

हेक्झामाइन

पांढरी बारीक स्फटिकी पूड, बहुधा २५ किलोच्या पोत्यात. फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया यांच्यापासून बनते, पाण्यात भराभर विरघळते, ढवळायला त्रास नाही. डोस लिटरला २ ते ५ ग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीला २ ते ५ किलो. याहून जास्त टाकून फारसा लाभ नाही.

थंड पिकलिंगला हा माल प्रामाणिक आहे. २५ ते ४० अंशांत बुडबुडे दिसण्याइतके कमी होतात, टाकीवरचा धूरही बसतो, कारण ॲसिडचे थेंब वर उडवणारा हायड्रोजनच कमी झालेला असतो. कूपनवरचा गंज काढायला एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या जी-१ या मानकात दिलेल्या द्रावणांपैकी एक याचंच आहे: ५०० मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, ३.५ ग्रॅम हेक्झामाइन, पाणी घालून एक लिटर, २० ते २५ अंशाला १० मिनिटं. तापमान बघा, २० ते २५. थंड कामापुरताच हा माल भरवशाचा.

६० अंशाला चित्र पालटतं. आम्लात हेक्झामाइनचं हळूहळू विघटन होतं, आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अमोनियाचा क्षार निघतो. टाकीवर डोळे चुरचुरायला लागले, नाकात झणका बसला, की समजायचं इनहिबिटर हवेत चाललाय. फॉर्माल्डिहाइड हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग करणारं असं सिद्ध झालेलं. बंद शेडमध्ये, एक्झॉस्टशिवाय, गरम ॲसिडमध्ये हेक्झामाइन वापरणं म्हणजे कामगाराच्या फुप्फुसावर पैसे वाचवणं. शिवाय सकाळी टाकलेला डोस दुपारपर्यंत पुरा उरत नाही, आणि कुणी मधे टायट्रेशन केलं तरी ते ॲसिड मोजतं. इनहिबिटर उरला की नाही हे त्यात दिसत नाही.

म्हणूनच महिनाभर साठवायच्या ॲसिडमध्ये आधीच हेक्झामाइन मिसळून ठेवू नये. पोतं ओलीपासून आणि विस्तवापासून लांब ठेवावं. ट्रेकिंगच्या शेगडीत जळणाऱ्या घन इंधनाच्या गोळ्या याच पदार्थाच्या असतात, एवढं सांगितलं की स्टोअरवाला ऐकतो.

थंड टाकीला दहापैकी आठ. गरम बॉयलरला दोन.

थायोयुरिया आणि त्याची भावंडं

यात साधा थायोयुरिया, डायएथिल आणि डायब्युटिल थायोयुरिया येतात. गंधक आणि नायट्रोजन दोन्ही असल्याने पकड घट्ट, डोस लहान: लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. सल्फ्युरिकच्या गरम टाकीतही टिकाव धरतात; हेक्झामाइन तिथे मागे पडतो. डायब्युटिल पाण्यात नीट विरघळत नाही. थेट टाकीत टाकला तर मेणासारखे कण वर तरंगतात, आणि लोक ‘माल खोटा’ म्हणतात. माल खोटा नसतो. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून, सर्फॅक्टंटबरोबर (साबणासारखं, पाण्यात पसरवणारं रसायन), ढवळत टाकावा लागतो.

या कुटुंबाची गोम डोसमध्ये आहे. ‘थोडा जास्त टाकू, बिघडलं काय’ हे इथे चालत नाही. साध्या थायोयुरियाचं प्रमाण वाढवत नेलं की एका टप्प्यानंतर क्षय घटायच्या ऐवजी वाढतो, कारण धातूपाशी त्याचं विघटन होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास आला तर तो हाच. हा वायू विषारी आहे. शिवाय तो पृष्ठभागावरच्या हायड्रोजन अणूंना जोडी जमवून बुडबुडा होऊ देत नाही. ते एकेकटे पोलादात शिरतात. वजनाची घट कमी दिसते आणि पोलाद आतून ठिसूळ होतं, अशी दुहेरी फसगत होते. साध्या एमएसच्या पाइपाला त्याचं फारसं वाटत नाही. कठीण पोलादाला वाटतं.

थायोयुरियाचं एक स्वतंत्र काम मात्र दुसरं कुणी इतक्या सहज करत नाही. कंडेन्सरच्या पितळी ट्यूबमधून आलेलं तांबं बॉयलरच्या स्केलमध्ये असेल, तर ॲसिडमध्ये विरघळलेलं तांबं परत लोखंडावर बसतं. ट्यूब आतून लालसर दिसते. थायोयुरिया त्या तांब्याला द्रावणात धरून ठेवतो. यासाठी लागणारं प्रमाण इनहिबिटरच्या डोसपेक्षा बरंच जास्त असतं, आणि तेव्हा क्षय रोखायला दुसरा इनहिबिटर सोबत द्यावाच लागतो.

प्रोपार्जिल अल्कोहोल

तिहेरी बंधवालं, रंगहीन, पातळ द्रव. तापमान वाढलं की बाकीचे सुटतात, हा उलट धातूवर जोड्या जुळवत पॉलिमरसारखा पापुद्रा धरतो. तेलविहिरींच्या ॲसिडायझिंगमध्ये १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड खोल, तापलेल्या चुनखडीत सोडतात. तिथे वर्षानुवर्षं याच जातीचे ॲसिटिलिनिक अल्कोहोल क्वाटर्नरी अमोनियम संयुगांबरोबर (कायम धनभारित नायट्रोजन असलेल्या) वापरले गेले आहेत.

सुटा विकत घेऊ नये. कातडीतून शरीरात जातो, वाफ विषारी, आणि उन्हाळ्यातल्या शेडच्या तापमानाला पेट घेण्याइतका ज्वलनशील. लिटर-लिटरने मोजून ओतायचा हा पदार्थ नाही. तयार मिश्रणात तो असेल तर सुरक्षितता पत्रकात त्याचं नाव आणि टक्के दिसले पाहिजेत. तिथे नुसतं ‘प्रोप्रायटरी’ लिहिलेलं असेल तर पुरवठादाराला लेखी विचारावं.

तयार मिश्रणाचा ड्रम

गरम कामाला शेवटी याच्याकडेच यावं लागतं. तपकिरी, दाटसर, माशासारखा किंवा पिरिडिनसारखा वास. आत साधारण चार गोष्टी: पृष्ठभाग धरणारं क्वाटर्नरी अमोनियम किंवा इमिडाझोलिन, तापमानाला टिकणारं ॲसिटिलिनिक अल्कोहोल किंवा गंधकाचं संयुग, सगळं पाण्यात पसरवणारा सर्फॅक्टंट, आणि अल्कोहोलसारखा द्रावक. मिश्रण चांगलं असेल तर ६० अंशाला उरलेला क्षय चौरस मीटरला तासाला एका ग्रॅमच्याही खाली राहतो, आणि एकट्या पुड्यांना हे सहसा जमत नाही.

पण ड्रमची सगळ्यात महाग चूक डोसमध्ये होते. पत्रकावर ‘०.३ टक्के’ लिहिलेलं असतं. कशाच्या? हजार किलो ५ टक्के ॲसिड करायला ३२ टक्क्यांचं, १.१६ घनतेचं ॲसिड लागतं सुमारे १५६ किलो, म्हणजे १३५ लिटर. बाकी ८४४ लिटर पाणी. डोस तीव्र ॲसिडवर असेल तर इनहिबिटर लागतो ४०० मिलि. तयार द्रावणावर असेल तर ३ लिटर. सातपट फरक. ४०० मिलि टाकून बॉयलर खाल्ला गेला की दोष मालाला, आणि ३ लिटरच्या जागी ४०० मिलि पुरत असते तर पैसे पाण्यात. ऑर्डर देण्याआधी हा एक प्रश्न लेखी विचारून घ्यावा.

ड्रम तीन-चार महिने उभा राहिला की थर वेगळे होतात. वरचं पातळ काढून वापरलं तर द्रावक जास्त आणि औषध कमी. काढण्यापूर्वी ड्रम आडवा लोळवावा, तळाशी गाळ बसलाय का ते काठीने पाहावं. फेस ही दुसरी तक्रार. उघड्या पिकलिंग टाकीवर बोटभर फेस चांगलाच, धूर दाबतो. पण पंपाने फिरवायच्या बॉयलरमध्ये तोच फेस पंपाच्या तोंडाशी हवा धरतो, प्रेशर नाचायला लागतं आणि वरच्या ट्यूबमध्ये ॲसिड पोहोचतच नाही. फिरत्या कामाला कमी फेसाचा ग्रेड मागावा. गॅल्व्हनायझिंगवाल्यांनी आणखी एक बघावं: घट्ट बसणारा पापुद्रा पाण्याने नीट धुतला गेला नाही तर तो फ्लक्सच्या (झिंकआधी पृष्ठभाग तयार करणाऱ्या क्षारांच्या) टाकीत जातो आणि झिंक काही जागी धरत नाही. जॉबवर काळे, उघडे डाग उठले आणि फ्लक्स ठीक असेल, तर इनहिबिटरचा डोस कमी करून आणि एक रिन्स वाढवून बघावं.

वनस्पतीचे अर्क

मेंदी, कडुनिंब, संत्र्याची साल, चहा, काय वाट्टेल ते. यावर शोधनिबंधांचा पाऊस आहे आणि प्रत्येकात ९० टक्क्यांच्या वरचा आकडा आहे. कल्पना नवी नाही. १८९५ साली ब्रिटनमध्ये बाल्डविन यांनी पोलादाच्या पत्र्याच्या पिकलिंगसाठी घेतलेलं पेटंट मळी आणि वनस्पती तेलांचं होतं. म्हणजे साखर कारखान्याच्या मागच्या बाजूला टाकीत साठवलेली मळी हीच या धंद्याची एक पणजी. टॅनिन, अल्कलॉइड, मेंदीतलं लॉसोन यांत ऑक्सिजन, नायट्रोजन आणि वलयं असतातच, त्यामुळे ती धातूला धरतात यात आश्चर्य नाही.

अडचण टाकीत येते. प्रयोगशाळेत लिटरला एक-दोन ग्रॅम अर्क, ३० अंश, कोरं ॲसिड. कारखान्यात ५००० लिटरची टाकी, आणि पानं कोणत्या महिन्यात तोडली त्यावर अर्काची ताकद. पाण्यात काढलेला अर्क आठवड्यात आंबतो. ॲसिडमध्ये तपकिरी गाळ बसतो, ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर) सीओडीचा, म्हणजे सेंद्रिय घाणीचा, भार वाढतो. प्रमाणित, टिकाऊ, बॅच नंबर असलेला माल मिळेपर्यंत थंड, लहान टाकीतच हा प्रयोग करावा.

इनहिबिटर जे करतच नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

गंज विरघळला की द्रावणात फेरिक (तीन धनभारांचं) लोह येतं. फेरिक स्वतः लोखंड खातं: दोन फेरिक आयन एक लोहाचा अणू विरघळवून तीन फेरस (दोन धनभारांचे) होतात. हिशोबाने एक ग्रॅम फेरिक लोह अर्धा ग्रॅम धातू घेऊन जातं. हजार लिटरमध्ये लिटरला ५ ग्रॅम फेरिक असेल तर अडीच किलो धातू जातो. या क्रियेत हायड्रोजन निघत नाही. टाकी शांत, एक बुडबुडा नाही, ऑपरेटर म्हणतो इनहिबिटर झकास चाललाय, आणि ट्यूब आतून पातळ होत असते. नेहमीचे इनहिबिटर हायड्रोजनवाली क्रिया दाबायला बनवलेले असतात; फेरिकपुढे त्यांचा जोर चालत नाही.

तपासणी सोपी: नमुन्याचे दोन थेंब पाण्यात, त्यात पोटॅशियम थायोसायनेट. रक्तासारखा लाल रंग आला की फेरिक आहे. उपाय म्हणजे फेरिकचं फेरस करणारं काहीतरी टाकणं. स्टॅनस क्लोराइड (दोन पाण्यांचं) फेरिकच्या ग्रॅमला सुमारे २ ग्रॅम लागतं. इरिथॉर्बिक किंवा ॲस्कॉर्बिक ॲसिड सुमारे १.६ ग्रॅम. खूप गंजलेल्या बॉयलरला हे आधीच ठरवून ठेवावं. चुनखडीच्या स्केलवाल्याला सहसा गरज पडत नाही.

स्टेनलेस स्टील. ३०४ च्या ट्यूबला हायड्रोक्लोरिक ॲसिड द्यायचंच नाही, इनहिबिटर कितीही भारी असो. क्लोराइडने पिटिंग (बारीक, खोल खड्डे) होतं, वेल्डजवळ चिरा पडतात, आणि कूपनच्या वजनात ते जेमतेम दिसतं. साखर कारखान्यांच्या इव्हॅपोरेटरमध्ये स्टेनलेसच्या ट्यूब आल्यापासून जुनी एमएस-पितळेची पद्धत तशीच पुढे चालवणं धोक्याचं आहे. तिथे इनहिबिटेड सल्फॅमिक ॲसिड, ६० अंशाच्या आत. त्यावर गेलं तर सल्फॅमिकचं विघटन होऊन सल्फेट निघतं आणि कॅल्शियमबरोबर जिप्सम बसतं, म्हणजे काढायला गेलो एक आणि बसवून आलो दुसरं.

पितळ आणि तांबं: पाण्यात उत्तम चालणारा बेंझोट्रायाझोल (बीटीए) तीव्र आम्लात ढिला पडतो, कारण त्याचा रेणू प्रोटॉन घेऊन तांब्यावरची पकड सोडतो. ‘तांब्यासाठी बीटीए आहे ना’ हे कूलिंग टॉवरचं उत्तर आहे, ॲसिडच्या टाकीचं नाही. जस्त आणि ॲल्युमिनियमवर एमएसच्या ड्रमचा भरवसा अजिबात धरू नये.

सिलिका आणि कॅल्शियम सल्फेटची स्केल हायड्रोक्लोरिकला दाद देत नाही. ती निघत नाही म्हणून तास वाढवत नेले की स्केल तशीच राहते आणि धातू जातो. आधी स्केलचा तुकडा बीकरमध्ये टाकून बघावा. फसफसून विरघळला तर कार्बोनेट. किलोभर कार्बोनेटला ३२ टक्क्यांचं ॲसिड साधारण २ लिटर.

घ्यायच्या आधी स्वतःच्या टाकीवर चाचणी

पुरवठादाराकडून अर्धा लिटर नमुना मागवावा. कूपन बाजारचं नको. ज्या ट्यूबचा बॉयलर, त्याच ट्यूबच्या उरलेल्या तुकड्यातून कापावं. १२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, साबणाने धुऊन, ॲसिटोनने पुसून, वाळवून वजन करावं. काटा मिलिग्रॅमचा तरी हवा. दहा मिलिग्रॅमवाला सोनाराचा काटा इथे पुरत नाही. एका कूपनला किमान ५६० मिलि द्रावण (चौरस सेमीला २० मिलि), नायलॉनच्या दोऱ्याने मध्यभागी लटकतं.

चार बीकर: साधं ॲसिड, इनहिबिटरचं कोरं ॲसिड, इनहिबिटर घातलेलं पण आधी वापरलेलं ॲसिड, आणि इनहिबिटर घातलेल्या कोऱ्या ॲसिडचाच चौथा बीकर १० अंश जास्त तापमानाला. प्रत्येकात तीन कूपनं, म्हणजे बीकर तेवढा मोठा. वेळ कामाइतका, बहुधा ६ तास. नंतर नळाखाली नायलॉन ब्रशने धुऊन, ॲसिटोन, वाळवणी, वजन. हे सगळं एक्झॉस्टखाली किंवा उघड्यावर. चौथा बीकर सगळ्यात बोलका असतो. दुसऱ्यापेक्षा त्याचा क्षय दुपटीच्या आसपास असेल तर ठीक. चौपट-पाचपट झाला तर हा माल उंबरठ्यावर उभा आहे, आणि स्टीम कॉइलच्या एका गरम जागेवर तो हात सोडेल.

काटा नसेल तर भांडी घासायच्या बारीक लोखंडी काथ्याची, म्हणजे स्टील वूलची, गुंडाळी घ्यावी. साध्या ॲसिडमध्ये ती बुडबुड्यांनी भरून वर येते. चांगल्या इनहिबिटरमध्ये तळाशी पडून राहते. काम चालू असतानाही दर तासाला टाकीतल्या नमुन्यावर हे करून बघता येतं, आणि मधेच काथ्या वर आला तर इनहिबिटर खपलाय हे काट्याआधी कळतं.

टाकण्याचा क्रम

पाणी, मग इनहिबिटर, पंप चालू ठेवून नीट फिरवणं, आणि शेवटी ॲसिड. ॲसिड आधी आणि ‘नंतर टाकू’ म्हणत इनहिबिटर मागून असं केलं तर मधल्या अर्ध्या तासात जे जायचं ते जातं. पाणी ६० अंशाला आणून बर्नर बंद करावा. ॲसिड आत असताना जाळ नाही. पंपाची गती बेताची, कारण जोराच्या प्रवाहात थर सोलला जातो, विशेषतः बेंडजवळ.

तासाला टायट्रेशन: १० मिलि नमुना, १०० मिलि पाणी, मिथिल ऑरेंज, १ नॉर्मल कॉस्टिक. प्रत्येक मिलिला ०.३६५ टक्के ॲसिड. ५ टक्क्यांना सुमारे १४ मिलि लागतं. फिनॉल्फ्थॅलिन वापरू नये, तोवर फेरस लोहाचा हिरवट गाळ बसतो आणि लोहाचाही हिशोब ॲसिडमध्ये धरला जातो. दोन तास लागोपाठ ॲसिड घटत नसेल आणि लोह वाढत नसेल तर काम संपलंय. ॲसिड स्थिर पण लोह वाढतंय, तर तो धातू आहे, ताबडतोब काढा.

निचरा, दोन वेळा पाणी, मग एक टक्क्याच्या सोडा ॲशने न्यूट्रल. नायट्राइटने पॅसिव्हेट करायचं (धातू लगेच गंजू नये म्हणून संरक्षक थर बसवायचा) असेल तर ॲसिड पूर्ण गेल्याशिवाय नाही, नाहीतर तपकिरी विषारी धूर. वापरलेलं ॲसिड घातक कचरा धरलं जातं, २०१६ च्या नियमांखाली; क्वाटर्नरी अमोनियमवाला ड्रम ईटीपीत एकदम सोडला तर जैविक टाकीतले जिवाणूच मरतात, हे लक्षात ठेवून थोडं थोडं सोडावं.

आणि १२.९ ग्रेडचे (अतिमजबूत, कठीण पोलादाचे) बोल्ट, स्प्रिंगा, कडक केलेल्या पिना या टाकीत कुठल्याच इनहिबिटरसह घालू नयेत. आत शिरलेला हायड्रोजन वजनात दिसत नाही. बोल्ट आवळून ठेवल्यावर, काही तासांनी किंवा काही दिवसांनी, डोक्याखाली तुटतो. त्यांचा गंज ब्लास्टिंगने काढावा.